मारुती ८००मध्ये सेकंडहँड इंजिन: अख्खा पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: इंजिन उत्तम, गॅरेज भिकार. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीचं तेवढं वाचा.

गाडी १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. जुनं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं. अंधेरीचा फ्लायओव्हर चढताना मागच्या रिक्षावाल्याला गाडी नाही, फक्त धूर दिसायचा. बोअरिंग, पिस्टन, हेड धरून दुरुस्तीचा जो आकडा ऐकला, त्याच्या निम्म्यात कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्याकडे अख्खं इंजिन मिळालं. अपघातातल्या गाडीचं होतं, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिन्ही सिलिंडरला जवळपास सारखं. कागद मात्र मागून घ्या. इंजिन नंबर बदलला की आरसीत नोंद करावी लागते, आणि आरटीओत भंगारवाल्याचा तोंडी शब्द चालत नाही.

सुरुवातीचे आठवडे नुसता वैताग. सकाळी सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. चोक ओढा नाहीतर सोडा, काडीचा फरक नाही. वॉचमनने मागून धक्का दिला की मात्र दुसऱ्या गिअरला एका झटक्यात चालू! एकदा चालू झालं की तेव्हा तरी मिसिंग (एखादा सिलिंडर हुकणं) नाही, पिकअप झकास. त्या काळात मी भेटेल त्याला सांगत होतो, सेकंडहँड इंजिनाच्या नादी लागू नका. आता तसं म्हणणार नाही.

गॅरेजवाल्याचं निदान दर खेपेला नवं. आधी प्लग, मग एचटी वायरी (प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या), मग डेल्कोची (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप आणि रोटर, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग "हवा दमट आहे, साहेब." मजुरी प्रत्येक वेळी वेगळी. वायरी सिलिंडरच्या ठिणगीच्या १-३-२ क्रमाने लावायच्या, तेवढं त्याने बरोबर केलं. शेवटी म्हणाला, सेल्फच बदलू. तिथे माझी सटकली.

लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणला. गोम अशी आहे: इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा धड विजेचा संबंध नाही. सेल्फ इंजिनावर असतो आणि हेडलाइट मंद पडतील इतका करंट खेचतो. तो बॅटरीच्या निगेटिव्हला परत जावा म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेल्या तारांची पट्टी असते, तीच अर्थची पट्टी. इंजिन उतरवताना ती सोडवतात. माझ्या गाडीत परत लावलीच नव्हती. मग करंट जातो क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्या मारल्या केबलला हात लावला तर चटका बसला, आणि वरचं काळं प्लास्टिक एका जागी मऊ होऊन चकाकत होतं.

तपासायचं असेल तर मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. मला दोनच्या वर दिसलं. सेल्फ फिरताना बॅटरी आधीच दबलेली, त्यातून हेही वजा, मग ठिणगी पडणार कुठून? धक्का मारताना सेल्फ फिरतच नाही, म्हणून चालू व्हायची.

पट्टी आली दोघांच्या मिसळीपेक्षा स्वस्तात. बसवताना बॉडीकडचा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा, नाहीतर ती नुसती शोभेला. त्यानंतर मिलन सबवेच्या अलीकडे भर पावसात बंद-चालू करत अडकलो, तरी अर्ध्या सेल्फला चालू.

दमट हवेचं मात्र अगदीच थाप नव्हतं. गॅरेजवाल्यानेच घातलेल्या नव्या एचटी वायरी हलक्या प्रतीच्या निघाल्या. पावसाळी रात्री पार्किंगमध्ये अंधारात बॉनेट उघडलं, तर डेल्कोपाशी निळी ठिणगी वायरीवरून उड्या मारताना दिसली. त्या बदलल्या आणि ओल्या दिवसांतलं किरकोळ मिसिंगही गेलं.

पट्टीबद्दल विचारलं तर गॅरेजवाला म्हणतो, "वो तो सड़ गई थी, फेक दी." पैशांचं काढलं तर पुढच्या सर्व्हिसला ऑइल फिल्टर फुकट. पुढची सर्व्हिस तिथे करतोय कोण! काढलेली जुनी कॉइल मात्र हट्टाने परत आणली होती. मीटरवर मोजली, ठणठणीत आहे. तीच परत बसवणार आणि नवी कॉइल एका ओळखीच्या ८००वाल्याला बिलासकट विकणार.