आफ्रिकेचा अल्बम घ्यावा की क्यूबाचा?

डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयर्लंडचा रॉक बँड यूटू वाजवून गेला, तेव्हापासून ओळखीतले काही जण मला एकच प्रश्न विचारतात: यूटूचे मूळ अल्बम पाठ झाले, आता पुढे काय? त्यांच्यासमोर मी दोन अल्बम ठेवतो. एक २००६ चा, क्यूबन वादकांच्या साथीचा ‘रिदम्स देल मुंदो’. दुसरा २००८ चा ‘इन द नेम ऑफ लव्ह: आफ्रिका सेलिब्रेट्स यूटू’. दोन्ही मदतनिधीसाठी काढलेले, दोन्हींत रॉकची गाणी परक्या मातीत नेलेली, आणि यूटूचं ‘आय स्टिल हॅव्हन्ट फाउंड’ दोन्हींत आहे. त्यामुळे एकच घ्यायचा म्हटलं की माणूस अडतो. मीही अडलो होतो.

पैशाच्या बाजूने फार खल करण्यात अर्थ नाही. क्यूबाच्या अल्बमचा निधी हवामानबदल आणि नैसर्गिक आपत्तींच्या कामासाठी होता. आफ्रिकेच्या अल्बमच्या कमाईतला वाटा एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्ध लढणाऱ्या ग्लोबल फंडासाठी. आज स्ट्रीमिंगवर ऐकून यातलं कुठे किती पोचतं हा वेगळाच विषय. दान करायचंच असेल तर सरळ संस्थेला करावं, अल्बम मात्र कानासाठी निवडावा.

आता क्यूबा. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत हाच बाजी मारतो. कोल्डप्ले, आर्क्टिक मंकीज, स्टिंग, जॅक जॉन्सन अशी ओळखीची नावं, आणि मागे ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ या क्यूबाच्या जुन्याजाणत्या कलाकारांच्या संचाच्या गोतावळ्यातले कसलेले वादक. त्यात ‘क्लॉक्स’ तर असं जमून आलंय की मूळ गाणं हवानातच बांधलं होतं की काय, अशी शंका यावी. त्याला कारणही आहे. ‘क्लॉक्स’ची पियानोची फिरत मुळातच आठ मात्रांची, तीन-तीन-दोन अशी तोडलेली. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे नेमकी हीच तोड. केरव्याच्या आठ मात्रा ज्यांच्या बोटांत आहेत त्यांनी मांडीवर धरून बघावं, दुसऱ्या आवर्तनात हात आपोआप बसतो.

पण बाकीच्या बऱ्याच गाण्यांत मला एक गोष्ट खुपत राहिली, आणि अखेर तिनेच निकाल लावला. गाणाऱ्याचा आवाज मूळ रेकॉर्डिंगमधला तसाच ठेवलाय आणि साथ तेवढी नवी भरलीय. म्हणजे बुवा ख्याल गाऊन, चहा पिऊन घरी गेले आणि मग तबलजीला बोलावून सांगितलं, आता करा साथसंगत. तबलजी कितीही तयारीचा असला तरी समेवर नजरेला नजर मिळत नाही. आर्क्टिक मंकीजच्या अ‍ॅलेक्स टर्नरचा ‘डान्सिंग शूज’मधला आवाज रॉकच्या सरळसोट ठोक्यावर गायलेला, खालून तालवाद्यं त्याला झुलवू बघतात आणि आवाज जागचा हलत नाही. एकदा हे कानात शिरलं की पुन्हा तसं ऐकू येणं थांबत नाही, निदान माझं तरी थांबलं नाही. त्याच अल्बममध्ये क्यूबाची गायिका ओमारा पोर्तुओंदो स्वतः ‘किलिंग मी सॉफ्टली’ गाते, किंवा इब्राहिम फेरेर ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ला हात घालतो (फेरेर २००५ मध्ये गेला, त्याच्या अखेरच्या काळातलं हे ध्वनिमुद्रण), तेव्हा अल्बम एकदम मोकळा श्वास घेतो. क्यूबाच्या माणसाच्या हातात माइक आला की फरक पडतो, इतकं साधं आहे.

आणि मदतीच्या संगीतात तिथल्या माणसांना मागे ठेवण्याचं हे दुखणं जुनंच. जुलै २००५ मध्ये आफ्रिकेच्या नावाने ‘लाइव्ह एट’ ही मैफलींची मालिका झाली, तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये पॉल मॅकार्टनी आणि यूटू होते. आफ्रिकी कलाकारांचा कार्यक्रम बहुतांशी दूर कॉर्नवॉलमध्ये, ईडन प्रोजेक्ट या वनस्पती-उद्यानाच्या घुमटांपाशी भरवला होता. बेनिनची अँजेलिक किजो तिथेच गायली. आफ्रिकेचा अल्बम तिच्याच ‘मिस्टीरियस वेज’ने उघडतो, हे मला योग्य वाटतं. बारा गाणी आहेत, आणि माइकवर प्रत्येक वेळी आफ्रिकेतली किंवा आफ्रिकी वंशाची माणसं.

यातलं मी सगळ्यात जास्त वेळा लावलेलं गाणं म्हणजे गिनीच्या बा सिसोकोचं ‘संडे ब्लडी संडे’. मूळ गाणं उत्तर आयर्लंडमधल्या डेरीतल्या १९७२ च्या गोळीबारावरचं. यूटूच्या लॅरी मलनचा ड्रम त्यात लष्करी संचलनासारखा चालून येतो. इथे मुख्य वाद्य कोरा. मोठ्या भोपळ्यावर कातडं ताणलेलं, एकवीस तारांचं, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनीच छेडायचं. तारा दोन ओळींत असतात, त्यामुळे एक सूर डावीकडून, पुढचा उजवीकडून असा झरत राहतो. हेडफोन लावून ऐका. संताप तोच राहतो, पण संचलन थांबतं आणि कुणीतरी बसून झालेलं सांगू लागतं.

व्हुसी म्हालासेलाचं गाणंही असंच. मंडेलांच्या १९९४ च्या शपथविधीत गायलेला हा गायक. ‘समटाइम्स यू कान्ट मेक इट ऑन युअर ओन’ हे यूटूचा गायक बोनो याने वडिलांसाठी लिहिलेलं, आणि मूळ ध्वनिमुद्रणात ते शेवटाकडे बरंच चढत जातं. म्हालासेला ते घरातल्या आवाजात ठेवतो. टोनी अ‍ॅलनबद्दल काय सांगायचं! नायजेरियाच्या फेला कुटीचा ड्रमर. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ म्हणजे यूटूचा गिटारवादक एज याच्या गिटारचे प्रतिध्वनी असं आपल्या डोक्यात बसलेलं. अ‍ॅलन वजन उचलून ड्रमवर ठेवतो आणि गाणं पळायचं सोडून चालायला लागतं. सिएरा लिओनच्या यादवीत गिनीच्या निर्वासित छावण्यांत जमलेला रेफ्युजी ऑल स्टार्स हा बँड अणुबॉम्बवरचं ‘सेकंड्स’ रेगेत गातो. सोवेतो गॉस्पेल कॉयर ‘प्राइड’ गातं. दक्षिण आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी हे गायक स्वतःही निधी उभारत आलेत, त्यामुळे अल्बमचा हेतू त्यांच्यापुरता तरी छापील नाही.

सगळं सोनंच आहे असं मुळीच नाही. रॅपवालं ‘डिझायर’ मी बहुतेक वेळा पुढे ढकलतो. ले न्यूबियांचं ‘विथ ऑर विदाउट यू’ कॉफीच्या दुकानात शोभेल इतकं गुळगुळीत झालंय. बारा जणांची बारा घरं, त्यामुळे सलग ऐकताना आवाजाचा पोत सारखा बदलतो. क्यूबाच्या अल्बममध्ये तेच वादक असल्याने तो एकसंध वाटतो. कुणाला हा एकसंधपणाच जास्त मोलाचा वाटला तर मी वाद घालणार नाही.

दोन्हींतलं ते सामाईक गाणं पाठोपाठ लावून बघा. क्यूबाच्या अल्बमवर गायक कोको फ्रीमनच्या नावाशेजारी यूटूचं नाव आहे. आफ्रिकेच्या अल्बमवर फक्त सेनेगलचा शेख लो. मला शेख लोचं जवळचं वाटतं, कदाचित त्याला कुणाशी जुळवून घ्यावं लागलेलं नाही म्हणून.

घरी पाहुणे येणार असतील, गप्पांच्या मागे काहीतरी हवं असेल, तर क्यूबा लावा. कुणाचीच तक्रार येणार नाही. यूटूची गाणी तोंडपाठ असतील आणि एकच अल्बम घ्यायचा असेल तर आफ्रिकेचा घ्या, असं मी तरी म्हणेन. फक्त सुरुवात पहिल्या गाण्याने करू नका. आधी तिसरं, बा सिसोकोचं लावा, मग चौथं, म्हालासेलाचं, आणि शेवटचं ‘लव्ह इज ब्लाइंडनेस’ त्याच दिवशी उरकू नका. ते अंगोलाच्या वाल्देमार बास्तोसचं आहे, त्याला वेगळी रात्र द्या.