टेक्सासचे 'पॉवर टू चूज': यादीतील पहिला दर आणि प्रत्यक्षातले बिल

टेक्सासमध्ये घरगुती ग्राहकांना वीजविक्रेता निवडण्याची मुभा २००२ पासून मिळाली आणि विक्रेत्यांच्या योजना एकत्र पाहता याव्यात म्हणून राज्याचा सार्वजनिक उपयोगिता आयोग 'पॉवर टू चूज' ही संकेतस्थळावरील सेवा विनामूल्य चालवतो. पिन कोडप्रमाणे तिथला झिप कोड भरला की त्या भागातील योजना समोर येतात. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ या शहरांत वीजपुरवठा नगरपालिकेच्या मालकीचा असल्याने तेथील रहिवाशांना ही निवडच उपलब्ध नाही.

सेवा उपयुक्त आहे, परंतु यादी दराच्या क्रमाने लावून पहिली योजना घेणे महागात पडू शकते. दरांची तुलना सहसा महिना १,००० युनिट वापर धरून होते आणि काही विक्रेते योजनेची आखणी नेमकी त्याच आकड्याभोवती करतात. समजा, दर युनिटला १८ सेंट आहे आणि १,००० युनिट गाठताच १०० डॉलरची सूट मिळते. तेव्हा यादीत दर ८ सेंट दिसतो. मात्र एखाद्या महिन्यात वापर ९९० युनिटवर थांबला, तर बिल ८० डॉलरऐवजी १७८ डॉलरच्या वर जाते. एसीमुळे उन्हाळ्यात भरमसाट आणि एरवी बेताची वीज लागणाऱ्या घरांना हा फरक वर्षातून अनेकदा सोसावा लागतो. अशा योजना वगळण्याचा पर्याय तिथे दिलेला आहे. तो आधी निवडावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या सेवेचे खरे बळ तिच्यामागच्या नियमांत आहे. प्रत्येक योजनेसोबत ५००, १,००० आणि २,००० युनिटला पडणारा सरासरी दर सांगणारे तथ्यपत्रक देणे विक्रेत्याला बंधनकारक आहे, आणि तिन्ही आकडे शेजारी ठेवले की वरची क्लृप्ती लगेच उघडी पडते. तारांचे जाळे सांभाळणाऱ्या कंपनीचा वहन आकार आयोगाच्या मंजुरीने ठरतो, त्यामुळे विक्रेता बदलून तो कमी होत नाही. कराराचे शेवटचे १४ दिवस उरले की दंडाविना विक्रेता बदलता येतो. ही संधी दवडणाऱ्या ग्राहकाला बहुधा दरमहा बदलणाऱ्या दराची योजना लागू होते.

नियमन ढिले पडले की काय होते, हे फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात दिसले. घाऊक बाजारातील दर युनिटला ९ डॉलरपर्यंत चढला आणि त्या दराशी थेट जोडलेल्या योजनांच्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिले आली. त्याच वर्षी विधिमंडळाने घरगुती ग्राहकांसाठी अशा योजनांवर बंदी घातली. हे पाऊल योग्यच होते, पण ते नुकसान झाल्यावर उचलले गेले.

आता आयोगाने, घरोघरी बसवलेल्या स्मार्ट मीटरमधील नोंदी वापरून प्रत्येक योजनेचे वर्षभराचे एकूण बिल याच यादीत मांडून दाखवावे.