मशीन झकास, दुकानाला मात्र दोनच स्टार

लॅपटॉपबद्दल काहीच तक्रार नाही, हा रिव्ह्यू दुकानाचा आहे. मॉडेल आधीच ठरवून गेलेलो, पैसे भरायचे आणि निघायचं एवढंच काम, पण काउंटरवरचा पोरगा म्हणाला सर हे कॉम्बोमध्येच आहे, सोबत अँटीव्हायरस, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि माउस घ्यावाच लागेल. म्हटलं मला नुसता लॅपटॉप पाहिजे. तर म्हणे सिस्टीममध्ये तसं बिलच बनत नाही!

आता कॉम्बो विकणं हा काही गुन्हा नाहीये बरं का. कॅमेरा आणि लेन्सचा सेट स्वस्तात देताय आणि सुटं पण देताय, तर द्या की, मीच घेईन. फ्रान्समधला एक ग्राहक तर लॅपटॉपमध्ये विंडोज आधीच टाकून विकतात म्हणून सोनीविरुद्ध भांडत पार युरोपियन युनियनच्या कोर्टापर्यंत गेला होता, आणि 2016 मध्ये कोर्टाने सांगितलं की तेवढ्यावरून ती अनुचित पद्धत ठरत नाही, सॉफ्टवेअरची वेगळी किंमत दाखवली नाही तरीही. मला तो निकाल फारसा पटलेला नाही, पण असो.

घोळ आहे तो 'घ्यावाच लागेल' मध्ये. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे सरळ लिहिलंय, एक वस्तू द्यायला दुसरी वस्तू किंवा सर्व्हिस घ्यायची अट घातली की ती रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस, म्हणजे ग्राहकावर बंधन घालणारी व्यापार पद्धत. मग ते सुंदर खोक्यात बांधून द्या नाहीतर सिस्टीमच्या नावावर खपवा.

मी जरा वाकून त्याच्या स्क्रीनवर बघितलं तर तिन्ही आयटमपुढे आधीपासून टिक, आणि बाजूला बारीक अक्षरात चक्क 'ऑप्शनल'. (युरोपात अशी आधीच मारून ठेवलेली टिक चालत नाही, त्यावर घेतलेले पैसे ग्राहकाला परत मागता येतात.) म्हटलं मित्रा, ह्या टिका काढ बरं. त्याने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने छताकडे, तीन क्लिक आणि झालं बिल. वॉरंटीवाल्या प्लानचं पण विचारलं, तो म्हणे कंपनीची वॉरंटी संपल्यावर चालू होतो, म्हणजे पैसे आज आणि कव्हर नंतर.

पोराचा राग नाही हो, त्याच्या डोक्यावर टार्गेट असणार. निघताना माउस 'राहू दे सर, फ्री' म्हणून पिशवीत टाकला त्याने. घरी येऊन लावला, स्क्रोल चालतच नाही.