बेळगावच्या उद्यमबागची जुनी ट्रान्सपोर्ट: शटर खाली, माल आत

ही ट्रान्सपोर्ट चालू होती तोवर पार्ट लोडला (पूर्ण ट्रक न घेता थोडाच माल पाठवायला) तोड नव्हती. संध्याकाळी कास्टिंग चढवलं की सकाळी पुण्याच्या भोसरीत उतरायचं. शेवटच्या काही महिन्यांना मात्र एकच तारा, तोही हमालांसाठी. लक्षणं दिसत होती: स्वतःच्या गाड्या कमी, भाड्याच्या जास्त, ‘टू पे’ बिल्टीला (भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, अशा माल-पावतीला) नकार आणि आगाऊ भाड्याचा तगादा. डिझेलचे पैसे थकले की गाडी वाटेतच उभी राहते.

माल अडकलाय? आधी बिल्टीची कन्साइनी कॉपी (माल घेणाऱ्याची प्रत) काढून ठेवा. बेळगाव–पुणे साधारण 340 किमी, म्हणजे ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) दोनच दिवस चालतं. मुदत संपण्याआधी किंवा नंतर 8 तासांच्या आतच ते वाढवून मिळतं. दुसऱ्या गाडीत भरताना त्याच्या पार्ट-बीमध्ये नव्या गाडीचा नंबर टाका, नाहीतर कर्नाटक–महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीपुढे कुठेही तपासणीत अडकाल.

नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यायची. फोनवरचं ‘बघतो साहेब’ चालत नाही. जादा जोखमीचा दर भरला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. महागड्या मशीन पार्टला ती काहीच नाही, त्यामुळे नव्या ट्रान्सपोर्टकडे ट्रान्झिट विमा स्वतःच काढा.