अंगठीसाठी हिरा, मॉइसनाइट की अमेरिकन डायमंड?

पांढरा खडा घ्यायचा ठरवलात की किमतीच्याही आधी एक ठरवा: खड्यात रंग किती खेळायला हवेत?

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. खड्यात शिरताना जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो याचं माप, तांबड्यासाठी सुमारे २.४१, जांभळ्यासाठी २.४५; फरक ०.०४४. अमेरिकन डायमंडमध्ये, म्हणजे क्युबिक झिरकोनियात, तो ०.०६ च्या आसपास असतो आणि मॉइसनाइटमध्ये, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यात, थेट ०.१०४. म्हणजे नुसत्या रंगांच्या ठिणग्या मोजल्या तर हिरा तिघांत शेवटचा!

तरीही माझा कौल हिऱ्यालाच. त्याच्या आत मागच्या पैलूवर २४.४ अंशांहून तिरका पडलेला किरण बाहेर निसटतच नाही, उलट आत परततो. पैलू नेमके पाडलेले असतील तर तो वरूनच बाहेर पडतो आणि पडताना रंग आणखी फाकतात. त्यामुळे शुभ्र लखलख आणि रंग यांचा तोल हिऱ्यात सुंदर जमतो. मात्र खडा फार उथळ कापला की उजेड खालून गळतो आणि महागडा हिराही मधोमध फिका दिसतो. बजेट कमी पडत असेल तर कॅरेट, म्हणजे वजन, कमी करा, कटमध्ये तडजोड नको.

मॉइसनाइट मोठ्या आकारात डोळ्यांत भरतं. काहींना ते इंद्रधनुषी झगमगणं फार आवडतं, मला ते जरा जास्त वाटतं. दहापट भिंगातून तिरकं पाहिलं तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच असतात. कठीणपणा मोह्स मापावर (हिरा १०) ९.२५, त्यामुळे रोजच्या वापराला ते टिकतं.

अमेरिकन डायमंडचा कठीणपणा ८ ते ८.५. रोजच्या अंगठीत त्याच्या कडा हळूहळू बोथट होतात. अधूनमधून घालायच्या कुड्यांना तो उत्तम.

निवडताना स्पॉटलाइटवर भाळू नका. छोटा प्रखर दिवा रंग उठवतो, ट्यूबलाइटखाली तेच रंग एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरे होतात. खडा दोन्हीकडे धरून बघा.

आणि लॅबमधला हिरा? प्रकाशाच्या हिशेबात तो खाणीतल्या हिऱ्यासारखाच वागतो, किंमत बरीच कमी. पुढे विकायचा विचार नसेल, तर अंगठीसाठी मी तोच सुचवेन, प्रमाणपत्रासकट.