संडे असेंब्ली : देवाविना भरणारी रविवारची सभा

श्रद्धा सुटली की तिच्यासोबत हक्काची माणसेही सुटतात. देवाच्या अस्तित्वावर वाद घालायला व्यासपीठे पुष्कळ आहेत; परंतु आजारपणात, एकटेपणात किंवा मूल जन्मल्याच्या आनंदात आपल्यासोबत कोण असेल, या प्रश्नाला थेट हात घालणारे उपक्रम थोडे. संडे असेंब्ली हा त्यांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटलेला उपक्रम आहे.

सँडरसन जोन्स आणि पिपा इव्हान्स या दोन विनोदी कलावंतांनी जानेवारी २०१३ मध्ये लंडनमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीत, जिथे उपासना केव्हाच थांबली होती, पहिली सभा भरवली, आणि काही वर्षांतच अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या. प्रवेश विनामूल्य असतो, खर्च देणग्यांतून चालतो आणि बहुतेक काम स्वयंसेवक करतात. ‘चांगले जगा, वरचेवर मदत करा, अधिक विस्मय बाळगा’ या आशयाचे तिचे ब्रीद आहे. धर्मग्रंथ नाही, दैवत नाही, आणि श्रद्धावंतालाही दार बंद नाही; ही शेवटची गोष्ट मला विशेष भावते, कारण केवळ नकारावर उभा राहिलेला समूह फार लवकर कडवट होतो.

सभेत सर्वांना ठाऊक असलेली लोकप्रिय गाणी उभे राहून एकत्र गायली जातात, एखादे वाचन आणि एक व्याख्यान होते, काही क्षण शांतता पाळली जाते आणि शेवटी चहापान होते. सभासदांपैकी कोणीतरी आपल्या आयुष्यातील धडपड सर्वांसमोर मांडतो, तो भाग मला व्याख्यानापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. तिथे ऐकणाऱ्याला या माणसासाठी आपण काय करू शकतो, हे कळते. सामूहिक गायन अनेकांना सुरुवातीला अवघड वाटते, तरी ते वगळू नये. चर्चमधील उपासना आणि संडे असेंब्ली यांची तुलना करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही ठिकाणी सहभागी लोकांची परस्परांविषयीची जवळीक सारख्याच प्रकारे वाढल्याचे त्यात आढळले.

मर्यादा आहे ती टिकाऊपणाची. पहिल्या लाटेत निघालेल्या कित्येक शाखा पुढे बंद पडल्या, आणि याला केवळ आयोजक जबाबदार आहेत असे मला वाटत नाही. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी सहजीवन-वसाहतींचा, म्हणजे एकत्र राहून सामायिक जीवन जगणाऱ्या समूहांचा, अभ्यास केला, तेव्हा धर्मनिरपेक्ष वसाहती धार्मिक वसाहतींपेक्षा लवकर मोडल्याचे दिसले; धार्मिक वसाहतींमध्ये सभासदांकडून जितका अधिक त्याग मागितला जाई, तितक्या त्या अधिक टिकत, धर्मनिरपेक्ष वसाहतींबाबत मात्र तसे दिसले नाही. म्हणून नुसती कडक शिस्त उसनी आणून भागणार नाही. ज्याच्या न येण्याने सभेचे काम अडते आणि ज्याची विचारपूस होते, असा प्रत्येक सभासद घडवावा लागेल.

उत्तम भाषण ऐकायला जाणाऱ्याचे इथे एका रविवारी समाधान होईल, पण त्याला जगण्याचा उद्देश सापडणार नाही. चहापानाला थांबावे, खुर्च्या मांडण्यापासून नवागतांच्या स्वागतापर्यंत एखादे काम अंगावर घ्यावे आणि जवळची शाखा चालवत असलेल्या छोट्या गटांपैकी एकात नाव नोंदवावे. एवढी तयारी असणाऱ्याला मी ही सभा मनापासून सुचवेन.