बंगाल मांजर म्हणून बाऊलचं पिल्लू गळ्यात मारलं

ज्या माणसाने बंगाल जातीचं मांजर म्हणून बाऊलचं, म्हणजे रानमांजराचं, पिल्लू विकून मला फसवलं, त्याने परवा पुन्हा स्टेटस टाकलंय. "ओरिजिनल बंगाल, एफ वन, जोडी उपलब्ध, जळगाव-धुळे-नंदुरबार घरपोच." माझा नंबर त्याने कधीच ब्लॉक केलाय, पण भाचीच्या फोनवर ते दिसलं. फोटोतल्या पिल्लांचे कान मोठे करून पाहिले आणि पोटात कालवलं. ऊसतोड सुरू झाली की याचं दुकान सुरू होतं, हे आता मला कळतं. तेव्हा कळलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मुलीला चित्त्यासारखं दिसणारं मांजर हवं होतं. या माणसाने व्हिडिओ पाठवला. सोनेरी अंग, त्यावर काळ्या कडेची तपकिरी फुलं, आणि ते मांजर नळाच्या धारेशी खेळतंय. बंगाल जातीच्या मांजरांना पाण्याचं खरंच आकर्षण असतं, व्हिडिओ अस्सलच होता. फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी मांजराचा होता. भाव 38,000 ठरला. आठ हजार यूपीआयने आगाऊ, बाकी रोख. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर त्याने पुठ्ठ्याचं खोकं हातात दिलं आणि दहा मिनिटांत निघून गेला. खोक्याच्या तळाला उसाचं पाचट होतं. मला वाटलं, गादी म्हणून घातलं असेल.

तो बोलता बोलता तीन गोष्टी म्हणाला होता. त्या तेव्हाच तपासल्या असत्या, तर सगळं तिथेच थांबलं असतं.

पहिली, "हे खास कोलकात्याहून येतं, बंगालचं आहे." या जातीचा बंगाल प्रांताशी संबंध नाही. आशियातल्या लेपर्ड कॅट या रानटी मांजराचं शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस बेंगालेन्सिस, त्यातून जातीचं नाव आलं. जात घडली अमेरिकेत. कॅलिफोर्नियाच्या जीन मिल यांनी 1963 मध्ये लेपर्ड कॅट आणि घरगुती मांजर यांचा संकर केला. पुढे 1980 च्या सुमारास विलार्ड सेंटरवॉल या संशोधकाकडची संकरित मांजरं त्यांना मिळाली. लेपर्ड कॅटमध्ये मांजरांच्या ल्युकेमियाला प्रतिकार असतो का, हे तो शोधत होता. आपल्याकडचा धागा आहे तो एवढाच, की दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला एक नारिंगी ठिपकेदार बोका मिल यांनी नेला आणि त्याची चमक या वंशात उतरली. 1991 मध्ये टीका (TICA) या मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या जातीला स्पर्धेत पूर्ण मान्यता दिली.

दुसरी गोष्ट, "एफ वन आहे, जोडी घ्या ताई, पिल्लं विकून पैसे वसूल." एफ वन म्हणजे रानटी लेपर्ड कॅटचं थेट पिल्लू. त्या पिढीतले बोके नपुंसक असतात, साधारण तिसऱ्या पिढीपर्यंत तेच. मग जोडी घेऊन पिल्लं होणार कुठून? घरात पाळायची बंगाल मांजरं चौथ्या पिढीपासून पुढची असतात. आणि एफ वन काढायला लेपर्ड कॅट हवी, जी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. ती खाजगीत पाळताच येत नाही. म्हणजे "इथेच तयार केलंय, एफ वन आहे" असं कुणी म्हणाला, तर तो खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती खरी होती. "ठिपके मधे पुसट होतात, घाबरू नका, परत येतात." बंगालच्या पिल्लांवर साधारण चार ते बारा आठवड्यांच्या काळात लांब राखाडी केस येतात, ठिपके धुकट दिसतात आणि नंतर पुन्हा उठतात. मी हे वाचूनही खात्री केली आणि निश्चिंत झाले. खऱ्या माहितीच्या आडोशाने त्याने मला दोन महिने थांबवलं.

ते दोन महिने घरात कसे गेले ते आम्हालाच माहीत. मुलीने त्याचं नाव बिबू ठेवलं. बिबू दिवसभर कपाटाखाली. दूध ठेवलं तर तोंड लावत नव्हता, कच्चं चिकन दिसलं की हिसकावून नेऊन गुरगुरत खायचा. मांडीवर कधी आला नाही. विकणाऱ्याला फोन केला की एकच उत्तर, "एफ वन असाच असतो." एप्रिलमध्ये मुलीने कपाटाखाली हात घातला आणि त्याने मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त थांबेना. सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचे चार डोस, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. तिथल्या डॉक्टरांनी मांजराची लसपुस्तिका मागितली. त्यांनी ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. सात आठवड्यांच्या पिल्लाला रेबीजची लस दिल्याची नोंद होती. ती लस तीन महिन्यांच्या आत देत नाहीत. शिवाय लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कुठेच चिकटवलेलं नव्हतं, नुसते शिक्के.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामा आईला न्यायला चोपड्याकडून आले. बिबूला पाहून ते दारातच थांबले. जमिनीवर टेकून बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाई घरनी मांजर नही शे. हाई बाऊल शे."

बाऊल म्हणजे रानमांजर. उसात, गवतात, नदीकाठच्या झुडपांत राहणारं. मामांनी एकेक खूण दाखवली. कान मोठे आणि टोकाला काळ्या केसांचा लहानसा झुपका. बंगालचे कान लहान, गोलसर, झुपका नसतो. पाय लांब. शेपटी आखूड, शेवटाकडे काळी वळी. अंगावरचे पट्टे-ठिपके तोवर जवळजवळ गेले होते, अंग मातकट पिवळं झालं होतं, पट्टे उरले होते फक्त पायांवर. बाऊलची पिल्लं ठिपकेदार असतात आणि मोठी होताना ठिपके जातात. ते परत येणार नव्हते. मग मामा हळू म्हणाले, "यानी माय याले धुंडी ऱ्हायनी व्हई." याची आई याला शोधत असेल. मुलगी ते ऐकून उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. भीती होती, कारण रानमांजर घरात ठेवणं गुन्हा आहे आणि मी ते पैसे देऊन ठेवलं होतं. सगळं खरं सांगितलं, यूपीआयची पावती, चॅट, तो बनावट वंशावळीचा कागद दिला. त्या कागदावर आई-बापाचं नाव नव्हतं, फक्त सोनेरी शिक्का. जबाब घेतला आणि बिबूला पिंजऱ्यातून नेलं. ऑनलाइन गेलेल्या आठ हजारांसाठी 1930 वर तक्रार केली. पैसे आले नाहीत. सिम दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं.

तुम्हाला बंगाल घ्यायचंच असेल, तर पिल्लाची आई समोर, तिच्या घरी जाऊन बघा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून निघून या. वंशावळीत आजी-आजोबांपर्यंतची नावं मागा. पीआरए-बी हा हळूहळू आंधळं करणारा आणि पीके डेफिशियन्सी हा रक्ताचा दोष या जातीत आनुवंशिक असतो, दोन्हींची डीएनए चाचणी होते, तिचा अहवाल मागा. आणि पैसे देण्याआधी पिल्लू पशुवैद्यांना दाखवा. गावठी ठिपकेदार पिल्लू बंगाल म्हणून विकणारेही आहेत. त्यात निदान पैसेच जातात, कुणाच्या आईचं पिल्लू जात नाही.

शेतकऱ्यांना, तोडणीच्या टोळ्यांना एवढंच सांगते. उसात पिल्लं सापडली तर हात लावू नका, कुणी दोनशे-पाचशे देतो म्हणाला तरी देऊ नका. आई अंधार पडल्यावर येते.

या पंधरवड्यात मामांच्या उसात टोळीला दोन पिल्लं दिसली. मामांनी तेवढ्या चार सऱ्या उभ्या ठेवल्या, माणसं दुसऱ्या टोकाला लावली आणि वनविभागाला कळवलं. सकाळी त्यांनी माझ्या मुलीला फोटो पाठवला. पाचटातली जागा रिकामी होती, आणि पाटाच्या ओल्या चिखलात मोठ्या मांजराच्या पंजांचे ठसे नाल्याकडे गेलेले.